शेर, पायली आणि उसाचा काटा

वस्तुमान, वजन आणि घनता यांच्या व्याख्या विद्यार्थी चटकन पाठ करतात. पण ‘वाणी तराजूत काय मोजतो, वस्तुमान की वजन?’ असे विचारले की वर्ग गप्प होतो. याचा दोष केवळ पाठांतराला देता येणार नाही. आपल्या व्यवहाराच्या भाषेतच या कल्पना पिढ्यान् पिढ्या एकमेकींत मिसळलेल्या आहेत. त्या वेगळ्या कशा होत गेल्या, हे बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या उदाहरणातून पाहता येते.

हा मुळात ज्वारी-बाजरीचा, कमी पावसाचा मुलूख. पूर्वी खळ्यावर धान्य मोजले जाई ते मापाने. दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली. पहिले माप टाकताना ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचे. बलुतेदारांचा वाटा, मजुराची मजुरी, उसनवारी, सारे काही याच मापाने. ही मापे आकारमानाची होती. पण गूळ, तूप, मसाला तराजूने जोखला जाई, आणि तिथेही शब्द तेच : शेर आणि मण! वजनाचा पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. एकच शब्द दोन वेगळ्या राशींसाठी वापरात होता. भरीला, मणही जागोजाग वेगळा. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा, म्हणजे १२.७ किलोचा, तर बंगालचा ३७.३ किलोचा.

मापाने मोजण्यात एक अडचण होती. माप काठोकाठ भरायचे की शिगोशीग? अलगद ओतायचे की ठोकून, हलवून बसवायचे? ठोकले की दाणे जवळ येतात आणि त्याच मापात जास्त धान्य मावते. म्हणून देणाऱ्याला माप सैल हवे असे आणि घेणाऱ्याला दाबून. ‘मापात पाप’ ही म्हण उगाच आलेली नाही. वर्षभराच्या कामाबद्दल काही पायल्या मिळणाऱ्या माणसासाठी ही शीग म्हणजे काही दिवसांची भाकरी होती.

भारतात वजनमापांचा मेट्रिक कायदा १९५६ साली झाला. १ ऑक्टोबर १९५८ पासून तो टप्प्याटप्प्याने लागू झाला आणि १ एप्रिल १९६२ पासून मेट्रिक वजने सक्तीची झाली. तोळ्यांच्या शेराचे किलो करणे सोपे होते, कारण दोन्ही एकाच जातीची एकके. पण ‘एक पायली म्हणजे किती किलो?’ या प्रश्नाला एक उत्तर असूच शकत नाही. एक लिटरच्या भांड्यात ज्वारी साधारण ७०० ते ७५० ग्रॅम मावते, गहू ७५० ते ८००, तर सालासकट भात जेमतेम ५५० ते ६००. आकारमानाकडून वस्तुमानाकडे जायचे तर मध्ये घनता लागते, आणि ती धान्यागणिक बदलते.

इथे चाणाक्ष विद्यार्थी विचारील : ज्वारीचे लिटर पाण्याच्या लिटरपेक्षा हलके, मग ज्वारी पाण्यात बुडते कशी? कारण आपण काढली ती ढिगाची घनता. ढिगात दाण्यांमध्ये हवा असते. पेलाभर ज्वारीत काठापर्यंत पाणी ओता. साधारण दोन पंचमांश पेला पाणी सहज मावेल. तेवढी जागा हवेची होती. नुसत्या दाण्याची घनता पाण्यापेक्षा जास्तच आहे.

नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला आणि या पट्ट्यात ऊस आला. पुढे साखर कारखाने आले : १९३०च्या दशकात वालचंदनगरला, १९५०च्या दशकात माळेगाव आणि भवानीनगर येथे सहकारी. आता हिशेब टनांचा झाला. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की त्यातले पाणी उडते आणि काट्यावर तो कमी भरतो. म्हणून तोडणीनंतर गाडी वेळेवर गेली नाही तर शेतकरी अस्वस्थ होतो. दराचा हिशेब टनावर होत असला तरी तो साखर उताऱ्याशीही जोडलेला असतो. उतारा म्हणजे शंभर किलो उसातून निघालेली साखर. रस किती गोड याचा अंदाज मात्र घनतेवरून येतो. रसात तरंगती काचेची नळी सोडतात. विरघळलेले पदार्थ जास्त असतील तर ती वर राहते. यातल्या ‘ब्रिक्स’ या मोजपट्टीचे नाव एका जर्मन शास्त्रज्ञावरून पडले. २० ब्रिक्सच्या रसात शंभर ग्रॅममागे सुमारे २० ग्रॅम विरघळलेले पदार्थ असतात आणि त्याचे लिटर साधारण १.०८ किलो भरते.

राहिला वस्तुमान आणि वजन यांतील फरक. तो बाजारात सापडणे शक्य नव्हते, कारण एका गावात दोन्ही एकमेकांच्या प्रमाणातच राहतात. त्यासाठी दूरचा प्रवास घडावा लागला. १६७२ साली ज्याँ रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ विषुववृत्ताजवळच्या केयेन येथे गेला. पॅरिसमध्ये अचूक चालणारे लंबकाचे घड्याळ तिथे रोज सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. तिथे पृथ्वीची ओढ कमी पडते, हे न्यूटनने १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’त उलगडून दाखवले. वस्तूतले द्रव्य तेवढेच राहते, पण तिच्यावरची ओढ स्थळानुसार बदलते.

या फरकाचा उसाच्या काट्याशीही संबंध आहे. दोन पारड्यांचा तराजू दोन वस्तुमानांची तुलना करतो; तो चंद्रावरही तेच उत्तर देईल. इलेक्ट्रॉनिक भुईकाटा मात्र दाब, म्हणजे वजन मोजतो आणि किलो दाखवतो. लंडनमध्ये गुरुत्वत्वरण ९.८१ आहे, बारामतीला सुमारे ९.७८. लंडनला जुळवलेला काटा तसाच इथे बसवला तर दहा टन उसामागे जवळजवळ ३० किलो कमी दाखवील. म्हणूनच काट्याची जुळणी तो जिथे बसवला तिथेच, प्रमाणित वजने ठेवून करावी लागते. ती पडताळून पाहण्याची मागणी करणारा शेतकरी भौतिकशास्त्राला धरूनच बोलत असतो.

शिक्षकांना एक उपक्रम सुचवतो. घरोघरच्या माळ्यांवर जुनी चिपटी, मापटी, पायल्या अजून सापडतात. विद्यार्थ्यांना त्या आणायला सांगा. पाण्याने त्यांचे आकारमान काढा. मग तेच माप ज्वारी, गहू, हरभरा यांनी एकदा सैल आणि एकदा ठोकून भरा, आणि तराजूवर तोला. येणारे आकडे फळ्यावर मांडले की घनतेची व्याख्या मुले स्वतःच सांगतील, आणि आजोबा-आजींच्या काळात शिगेवरून भांडणे का होत, तेही त्यांना कळेल.