हिटलरला स्त्रियांनीं निवडून दिलें काय?

गुप्त मतदानाची पद्धति लोकसत्तेस जितकी उपकारक, तितकीच इतिहासकारास ती अडचणीची आहे. मतदाराचें मत मालकापासून, सावकारापासून, प्रसंगीं घरांतल्या वडीलधाऱ्यांपासून झांकून ठेवण्यासाठींच ती निर्माण झाली; आणि जें सर्वांपासून झांकलें, तें अभ्यासकापासूनही झांकलें गेलें यांत नवल नाहीं. निवडणूक संपल्यावर कोणत्या पक्षास किती मतें पडलीं हें कळतें, पण तीं कोणीं दिलीं हें कळत नाहीं. मग ती रिकामी जागा तर्कानें भरली जाते, आणि तर्क बहुधा ज्याच्या त्याच्या पूर्वग्रहाच्या वाटेनेंच चालतो. स्त्रियांच्या मतांविषयीं असें फार घडलें आहे. ‘जर्मन स्त्रियांनीं हिटलरला डोक्यावर घेतलें आणि त्यांच्याच मतांवर तो सत्तेस चढला’ हें विधान याच जातीचें आहे. अध्यापनाच्या पहिल्या वर्षांत आम्हींही तें वर्गांत बेधडक केलेलें आहे. पुढें त्या काळच्या मोजणीसंबंधींचे ग्रंथ पाहण्याचा योग आला, तेव्हां आमची चूक आमच्या ध्यानांत आली. ती कशी, हें सांगणें हा या लेखाचा हेतु आहे.

जर्मनींत स्त्रियांना मताचा अधिकार मिळाला तो राज्यक्रांतीच्या धामधुमींत. कैसरच्या पदत्यागाची घोषणा झाल्यावर तीनच दिवसांनीं, म्हणजे ता. १२ नोव्हेंबर १९१८ रोजीं, नव्या हंगामी सरकारानें वीस वर्षें पूर्ण झालेल्या सर्व स्त्रीपुरुषांस सारखा मताधिकार जाहीर केला. स्त्रियांच्या संस्थांनीं त्यासाठीं दीर्घकाळ खटपट केली होती. राजकीय पक्षांपैकीं मात्र ही मागणी मनापासून उचलून धरणारा पक्ष म्हणजे सोशल डेमोक्रॅटांचा. त्यांनीं १८९१ सालच्या एर्फुर्ट येथील कार्यक्रमांतच ती घातली होती, आणि त्यांचा पुढारी ऑगुस्ट बेबेल यानें त्याच्याही आधीं, १८७९ मध्यें, स्त्री व समाजवाद या विषयावर आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला होता. कॅथॉलिकांचा सेंट्रम पक्ष आणि जुन्या वळणाचे सनातनी पक्ष यांचा ओढा मात्र विरुद्ध बाजूस होता.

ता. १९ जानेवारी १९१९ रोजीं राष्ट्रीय सभेची निवडणूक झाली. महायुद्धांत सुमारें २० लाख जर्मन सैनिक मेले होते. त्यामुळें मतदारांत पुरुष सुमारें दीड कोटि, तर स्त्रिया सुमारें १ कोटि ७७ लाख असें प्रमाण पडलें. ‘बायका कशाला येतात मत द्यायला’ म्हणणारांचे अंदाज त्या दिवशीं साफ चुकले. शेंकडा ८२ स्त्रिया मतदानास आल्या, म्हणजे जवळजवळ पुरुषांइतक्याच. सभेच्या ४२३ जागांपैकीं ३७ जागीं स्त्रिया निवडून आल्या. पुढील महिन्यांत, ता. १९ फेब्रुवारीस, मारी युखाच ही स्त्रीसभासद वायमार येथें त्या सभेपुढें बोलण्यास उभी राहिली. जर्मन लोकसभेंत स्त्रीनें केलेलें हें पहिलें भाषण. तिनें आरंभीं ‘सभ्य गृहस्थ आणि स्त्रियांनो’ अशा अर्थाचें संबोधन केलें, तेव्हां सभागृहांत हंशा पिकला अशी नोंद इतिवृत्तांत आहे. ज्या सभेस स्त्रियांना संबोधण्याचीही संवय नव्हती, तिचे सभासद मात्र निम्म्याहून अधिक स्त्रीमतदारांच्या देशानें निवडलेले होते.

पहिल्यानेंच मत देणाऱ्या या स्त्रिया कोणाच्या पारड्यांत वजन टाकतात, याची उत्सुकता पक्षांना आणि नगरपालिकांच्या गणना-कचेऱ्यांना साहजिकच होती. त्यांतून एक चमत्कारिक प्रयोग निघाला. कांहीं शहरांत स्त्रीपुरुषांचीं मतें वेगळीं मोजण्याची व्यवस्था करण्यांत आली. कोठें मतदानाची जागाच निराळी, तर कोठें पाकिटाचा वा मतपत्रिकेचा रंग निराळा. मत कोणत्या व्यक्तीचें हें गुप्तच राहिलें. तें स्त्रीचें कीं पुरुषाचें, एवढेंच उघड झालें. कोलोन शहरीं ही मोजणी अनेक निवडणुकांत झाली. अशी सोय त्या काळीं फार थोड्या देशांतील अभ्यासकांस लाभली.

या मोजणीनें पहिला धक्का दिला तो स्त्रियांच्या कैवाऱ्यांना. ज्या सोशल डेमोक्रॅटांनीं मताधिकार मिळवून दिला, त्यांना स्त्रियांचीं मतें पुरुषांच्या मानानें कमीच पडत गेलीं. साम्यवादी पक्ष तर शेवटपर्यंत मुख्यतः पुरुषांचाच राहिला. उलट ज्या सेंट्रम पक्षानें आढेवेढे घेतले होते, त्याच्या दर पांच मतदारांत सुमारें तीन स्त्रिया निघाल्या. राष्ट्रवादी सनातन्यांच्या पक्षासही पुरुषांहून स्त्रियांचाच पाठिंबा अधिक. कित्येक समाजवाद्यांनीं याला कृतघ्नपणा म्हटलें. पण मताधिकार ही देणगी नव्हे कीं जिची परतफेड मतांनीं करावी.

याचें खरें कारण चर्चच्या दारांत सांपडतें. त्या काळच्या सामान्य जर्मन स्त्रीचें घराबाहेरील आयुष्य बहुतांशीं चर्चच्या भोवतीं फिरत होतें. रविवारची प्रार्थना, धर्मसंस्थेच्या स्त्रीमंडळ्या, मुलांचें धर्मशिक्षण, आजाऱ्यांची शुश्रूषा, हें तिचें सार्वजनिक जग. पुरुषाला कारखाना होता, मजूरसंघ होता, गुत्त्यांतली राजकीय चर्चा होती. तिला यांतलें फारसें कांहीं नव्हतें. जो पक्ष शाळांतून धर्मशिक्षण काढूं म्हणे, तो तिच्या जगावरच घाला घालीत आहे असें तिला वाटे. तिचें मत स्त्रीस्वभावांतून निघालेलें नसून तिच्या दिनक्रमांतून निघालेलें होतें.

आतां हिटलरच्या पक्षाकडे वळूं. या नाझी पक्षानें १९२१ च्या जानेवारींतच स्त्रीला पक्षाच्या नेतृत्वांत स्थान द्यावयाचें नाहीं असा ठराव केला होता, आणि राइखस्टागांत त्यानें एकही स्त्री पाठविली नाहीं. १९२८ सालीं त्यास शेंकडा २·६ मतें मिळालीं. १९३० सालीं तीं १८·३ झालीं आणि १९३२ च्या जुलैंत ३७ च्या वर गेलीं. वेगळी मोजणी झालेल्या ठिकाणीं १९३० पर्यंत असें दिसतें कीं, पुरुषांच्या मानानें स्त्रियांनीं या पक्षास स्पष्टपणें कमी मतें दिलीं. दंगेखोर, रस्त्यांत हाणामारी करणाऱ्या आणि अजून नीटसे माहीत नसलेल्या पक्षापासून त्या दूर राहिल्या. साम्यवाद्यांपासूनही त्या अशाच दूर राहिल्या होत्या. १९३२ च्या अध्यक्षीय निवडणुकींतही स्त्रियांचा कल पुरुषांहून अधिक वृद्ध हिंडेनबर्गकडे आणि कमी हिटलरकडे होता. दैवदुर्विलास असा कीं, ता. ३० जानेवारी १९३३ रोजीं हिटलरला चॅन्सेलर नेमलें तें त्याच हिंडेनबर्गनें.

येथें स्त्रियांची वकिली करण्याच्या भरांत सत्य लपवितां येणार नाहीं. बेकारी वाढली, मध्यमवर्गीयांचे जुने पक्ष कोसळले, नाझी पक्ष प्रतिष्ठित दिसूं लागला, तसतसें हें अंतर कमी कमी होत गेलें. १९३३ च्या मार्चमध्यें तें जवळजवळ उरलें नाहीं. प्रॉटेस्टंट भागांत तर कोठें कोठें स्त्रियांचेंच प्रमाण किंचित् अधिक भरलें. शिवाय स्त्रीमतदारांची संख्याच मोठी असल्यामुळें, प्रमाण थोडें कमी असूनही त्यांचीं मतें लाखांनीं मोजावीं लागतात. पण कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट यांच्या मतदानांत जें अंतर होतें, त्यापुढें स्त्रीपुरुषांतील अंतर किरकोळ होतें. हिटलरला वर चढविणारे हात दोघांचेही होते. आणि पहिले हात पुरुषांचे होते.

मग उलटी समजूत रूढ कां झाली? हिटलरच्या गाडीभोंवतीं हर्षानें रडणाऱ्या स्त्रियांचीं छायाचित्रें सर्वांनीं पाहिलीं होतीं. मोजणीचीं कोष्टकें कोणीं पाहिलीं नव्हतीं. स्वीडनच्या हर्बर्ट टिंग्स्टेननें हे जर्मन आंकडे १९३७ सालींच आपल्या ग्रंथांत वापरले होते. तरीही १९६३ सालच्या योआखिम फेस्ट याच्या गाजलेल्या पुस्तकांत स्त्रियांच्या भक्तीलाच मोठें महत्त्व दिलेलें आढळतें. पुढें रिचर्ड एव्हान्स, हेलन बोक व युर्गेन फाल्टर या अभ्यासकांनीं १९७६ ते १९९१ या काळांत कोष्टकें पुन्हां तपासलीं आणि ती समजूत ढांसळली. मोजणी ठराविक गांवींच, तींही बहुधा शहरांतच झालेली, म्हणून तिच्यावरून साऱ्या देशाचें अनुमान जपून काढावें लागतें, हेंही त्यांनीं बजावलें. जर्मनांनीं स्वतः यांतून बोध घेतला. १९५३ पासून पश्चिम जर्मनींत निवडक केंद्रांवर स्त्री, पुरुष व वयोगट यांच्या खुणा छापलेल्या मतपत्रिका देऊन शास्त्रशुद्ध नमुना-मोजणी होऊं लागली. मध्यंतरीं १९९४ व १९९८ चे अपवाद सोडल्यास ती चालू आहे. पन्नाशीच्या दशकांत स्त्रिया सनातनी पक्षाकडे झुकल्या होत्या. १९७२ पर्यंत तें अंतर बहुतेक मिटलें. चर्चची पकड सैल झाली, शिक्षण व नोकरी आली, आणि ज्याला ‘स्त्रीस्वभाव’ म्हटलें जात होतें तो एका पिढींत पालटला.

आपल्याकडे अशी मोजणी नाहीं. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या याद्यांतून सुमारें २८ लाख स्त्रियांचीं नांवें गळलीं, कारण त्यांनीं स्वतःचें नांव न सांगतां ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेंच सांगितलें. १९६२ सालीं पुरुष शेंकडा ६३ तर स्त्रिया ४७ हून कमी मतदानास आल्या. २०१९ मध्यें स्त्रियांनीं पुरुषांना किंचित् मागें टाकलें. किती आल्या हें केंद्रावरील नोंदींवरून कळतें. काय दिलें हें यंत्र सांगत नाहीं, त्यासाठीं चौकशी करून काढलेल्या नमुन्यांवरच विसंबावें लागतें. असें असतां २०२४ च्या नोव्हेंबरांत महाराष्ट्र विधानसभेचा निकाल लागतांच ‘लाडक्या बहिणींनीं सरकार आणलें’ असें जिकडे तिकडे बोललें गेलें. कोणी कौतुकानें बोलले, तर कोणी ‘दीड हजारांत मत विकलें’ अशा तुच्छतेनें. हा तर्क खरा असेल, खोटाही असेल. पण पुरुषांच्या मताची अशी एकगठ्ठा किंमत ठरविलेली आम्हीं कधीं ऐकली नाहीं.

वर्गांत केलेली चूक ज्यांच्यापुढें केली ते विद्यार्थी आज गांवोगांवीं विखुरले आहेत. त्यांतले कांहीं हें मासिक वाचीत असतील. त्यांच्यासाठीं एवढेंच सांगून हा लेख संपवितों: स्त्रियांनीं अमुक केलें असें कोणी छातीठोकपणें सांगूं लागला, तर आधीं त्याला विचारावें, मतें कोणीं मोजलीं?