शेत लहान की माप लहान?

बडोद्यात दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात चार मराठी माणसे जमली आणि पादरा-डभोईकडच्या जमिनीचा विषय निघाला, की निकाल आधीच लागलेला असतो. 'दीड एकरात काय होतं? विका आणि पैसे बँकेत टाका.' असे म्हणणारे आपले हितचिंतकच असतात, म्हणून वर्षानुवर्षे मी नुसता हसत आलो. पादऱ्याजवळच्या माझ्या दीड एकराच्या भरवशावर आज सविस्तर उत्तर देतो.

आधी पूर्वपक्ष, आणि तो दुबळा करून मांडायचा नाही. पहिला आक्षेप असा, की तुकड्याची शेती परवडतच नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातले सरासरी धारणक्षेत्र १.०८ हेक्टर होते आणि ८६ टक्के खातेदार दोन हेक्टरांच्या आतले होते. २०१८-१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये निघाले. त्यात पिकांचे ३,७९८ आणि मजुरी-पगाराचे ४,०६३, म्हणजे शेतापेक्षा मजुरीच जास्त देते. दुसरा आक्षेप, विकतच्या खताशिवाय माती देत नाही. तिसरा, 'पर्माकल्चर', म्हणजे निसर्गाच्या चालीने केलेली कायमस्वरूपी मिश्र शेती, हे फार्महाऊसवाल्यांचे परदेशी खूळ आहे.

पहिल्या आक्षेपातले आकडे मला मान्य आहेत. दीड एकरावर नातवाची इंजिनिअरिंगची फी निघत नाही, हे मी स्वतःच सांगतो. पण त्यावरून 'लहान शेत म्हणजे नापीक शेत' हा निष्कर्ष निघत नाही. १९५० च्या दशकातल्या सरकारी शेती-व्यवस्थापन पाहण्यांचे आकडे तपासून अमर्त्य सेन यांनी १९६२ मध्ये दाखवले, की शेत लहान होत जाते तसे एकरी उत्पन्न वाढते. यावर पुढे बरेच वाद झाले. लहान तुकड्यांची मातीच मुळात सरस असेल, असे काहींनी म्हटले. हरितक्रांतीनंतर हा फरक पुष्कळ ठिकाणी घटला, असेही दिसले. सर्वांत धारदार आक्षेप असा, की घरच्या माणसांच्या घामाला कोणी भावच लावत नाही, म्हणून लहान शेत भरघोस दिसते. या आक्षेपाकडे मी परत येणार आहे. तूर्तास एवढेच: जमीन लहान आहे म्हणून ती कमी देते, हे विधान टिकत नाही.

मग तोटा दिसतो कुठून? मापातून. आपण विचारतो, 'एकरी कापूस किती?' बडोदे-भरूचच्या काळ्या कानम पट्ट्यात कापसात तुरीचे तास घालण्याची जुनी रीत आहे. बोंडअळीने कापूस नेला तरी खोल मुळांची तूर शेवटच्या ओलीवर उभी राहते. पण कापूसच तोलायचा म्हटला, की तूर अतिक्रमण ठरते. एका पिकाच्या मापाने मोठे शेत नेहमीच जिंकणार, कारण ते मापच त्याच्यासाठी बेतलेले आहे.

दुसरे माप कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी दिले. ते गणिताचे प्राध्यापक होते, त्यामुळे 'परवडते का' याच्या आधी त्यांनी 'मोजायचे काय' हे विचारले. त्यांचे उत्तर होते ऊन. शेत म्हणजे ऊन पकडण्याचे साधन, आणि पान हे त्याचे जाळे. पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठे नीट पिकवले तर पुरतात, हा त्यांचा हिशेब याच पायावर उभा होता. नुसता कापूस घेतला तर फाल्गुनापासून मृगापर्यंत रान उघडे पडते, म्हणजे बडोद्याचे सर्वांत कडक ऊन मातीवर फुकट पडून ती भाजते. म्हणून मी क्विंटल मोजणे सोडले आणि वर्षातले किती दिवस जमीन हिरवी राहिली, हे वहीत लिहू लागलो.

दुसरा आक्षेप खताचा, आणि तो आमच्या शहरात विशेष शोभतो. इथे फर्टिलायझरनगर नावाची वसाहतच आहे. त्याला उत्तर मिळते ते महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या उंबरगाव तालुक्यातल्या देहरी गावात. तिथले शेतकरी भास्करराव सावे (१९२२–२०१५) काही पोथी वाचून नैसर्गिक शेतीकडे वळले नव्हते. आधी रासायनिक खते त्यांनी स्वतः वापरली आणि इतरांना विकलीही. खर्च दरवर्षी वाढतो आणि शिल्लक वाढत नाही, हे हिशेबाने कळल्यावर ते वळले. त्यांच्या सुमारे चौदा एकरांच्या 'कल्पवृक्ष' वाडीत मुख्यतः चिकू आणि नारळ. लावणीचे सूत्र असे, की अल्पजीवी, मध्यमजीवी आणि दीर्घजीवी पिके एकाच वेळी लावायची. भाजी आणि कडधान्ये पहिली वर्षे घर चालवतात, केळी-पपई-शेवगा मधली, आणि तोवर चिकू-नारळ हाताशी येतात. घामाच्या आक्षेपाला उत्तर इथे आहे. पहिली तीन-चार वर्षे घरच्या मजुरीला बाजारभाव लावला तर तोटाच दिसतो, तो लपवू नये. पण सावली जमिनीवर टेकली, की खुरपणी घटते, पाणी घटते आणि काम मुख्यतः तोडणीचे उरते. वार्षिक पिकाचा घाम दरवर्षी नव्याने गाळावा लागतो. झाडाखाली गाळलेला घाम साठत जातो.

पाण्याची गोष्टही तशीच. बडोद्यात वर्षाला साधारण ९०० मिलिमीटर पाऊस पडतो, जवळजवळ सगळा चार महिन्यांत. झाडाच्या बुंध्याशी आळे करून पाणी देणे ही आपली सवय. सावे पाणी देत ते फांद्यांच्या घेराबाहेरच्या चरात, कारण पाणी पिणारी बारीक मुळे तिथे असतात. मी हे केले तेव्हा मोटार पूर्वीपेक्षा कमी चालू लागली, आणि पावसाळ्यात तेच चर जादा पाणी बाहेर नेऊ लागले.

तिसऱ्या आक्षेपाला फार वेळ द्यायला नको. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन यांचे पर्माकल्चरवरचे पहिले पुस्तक १९७८ चे, ऑस्ट्रेलियातले. पण त्याआधी १९३१ मध्ये अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इंदूर पद्धतीच्या कंपोस्टवर पुस्तक लिहिले होते. काडीकचरा, शेण, गोमूत्राची माती आणि राख यांचे थर देऊन, उलथापालथ करून तीन महिन्यांत खत. हे होळकरांच्या इंदुरात, शेतकऱ्याच्या आवाक्यातल्या सामानावर सिद्ध झाले. हॉवर्डचे नाव जगाला माहीत झाले, वाडांचे मराठी माणसालाही ठाऊक नाही. शब्द परका आहे म्हणून विद्या परकी ठरत नाही.

आता आपल्याच बाजूच्या दोन भाबडेपणांचे खंडन. पहिले, रासायनिक खते एका दिवसात सुटत नाहीत. श्रीलंकेने २०२१ मध्ये त्यांच्यावर एका फटक्यात बंदी घातली आणि काही महिन्यांतच ती मागे घ्यावी लागली. माती हुकमाने बदलत नाही. तिला वर्षे द्यावी लागतात. दुसरे, पुस्तकातले सूत्र डोळे मिटून उचलू नये. पहिल्या वर्षी मी लिंबाच्या कलमांना बुंध्यापर्यंत कोरड्या गवताचे जाड आच्छादन दिले. आमच्या गोराडू, म्हणजे रेताड पोयट्याच्या मातीत वाळवी मुबलक. दिवाळीपर्यंत एक तृतीयांश कलमे गेली. चूक आच्छादनाची नव्हती, ते कोरडे आणि बुंध्याला चिकटून असण्याची होती. तेव्हापासून बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवतो आणि गिरिपुष्पाचा ओला पाला वापरतो.

तेव्हा मंडन एवढेच: लहान शेत हे घराचे छप्पर नव्हे, जोते आहे. पगार वर उभा राहील. खाली भाजी, डाळ, फळे, चारा आणि दरवर्षी थोडी सुधारलेली माती असेल. कुणाला जमीन विकायचीच असेल तर मी अडवणार नाही. फक्त सौद्याआधी एक वर्ष स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज खूण करावी: आज आपली जमीन झाकलेली होती की उघडी? उघड्या दिवसांची बेरीज झाली, की दीड एकरात काय होतं हे विचारण्याआधी दीड एकराला आपण काय दिलं हे विचारावं लागेल.