टीप आणि टिप्पणी

शर्टाचे बटण तुटले की मी तो शर्ट घरात कोणाच्या तरी नजरेला पडेल अशा रीतीने खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवतो. माझे शिवणकामाचे ज्ञान एवढेच. सुईत दोरा ओवण्याचा प्रयत्न मी आयुष्यात एकदाच केला. त्यात दोरा भिजला, सुई हरवली आणि दुसऱ्या दिवशी ती वडिलांच्या तळपायाला सापडली. असे असूनही, किंवा खरे तर असे असल्यामुळेच, २०१३ सालच्या एप्रिल महिन्यात सलग चार मंगळवार मी शिवणकामावर अधिकारवाणीने मते दिली.

त्याचे असे झाले. आम्ही उभयता मुलीकडे लंडनला हॅरो भागात राहायला गेलो होतो. परदेशात मुलीकडे गेलेल्या आईबापांचा दिनक्रम ठरलेला असतो. सकाळी थंडीबद्दल बोलायचे, दुपारी भाजीचे भाव रुपयांत करून हळहळायचे आणि रात्री टीव्हीपुढे बसायचे. नेमका त्याच महिन्यात बीबीसी टूवर 'द ग्रेट ब्रिटिश सोइंग बी' नावाचा नवा कार्यक्रम सुरू झाला. 'बी' म्हणजे मला आधी मधमाशी वाटली. मागाहून कळले की बायकांनी एकत्र जमून शिवत बसायचे, त्याला तसे म्हणतात. आपल्याकडे पापड लाटायला आळीतल्या बायका जमतात तसे.

कार्यक्रम साधा होता. घरी हौसेने शिवणारी आठ माणसे, प्रत्येकापुढे एक मशीन आणि डोक्यावर घड्याळ. आधी दिलेल्या बेतावरून कपडा शिवायचा, मग बाजारातल्या तयार कपड्याचे रूप पालटायचे आणि शेवटी जिवंत माणसाचे माप घेऊन त्याच्या अंगावर बसेल असे काही शिवायचे. परीक्षक दोन. एक मे मार्टिनबाई, आयुष्यभर शिवण शिकवलेल्या. दुसरे पॅट्रिक ग्रँट, सॅव्हिल रो या नामांकित शिंपीआळीतल्या एका जुन्या दुकानाचे मालक. क्लॉडिया विंकलमन नावाच्या बाई मधूनमधून वेळ संपत आल्याचे सांगून सगळ्यांच्या पोटात गोळा आणत.

हा कार्यक्रम पुढे चांगला फोफावला. २०१६ पासून मार्टिनबाईंच्या जागी एस्मी यंग आल्या, २०१९ मध्ये जो लायसेट आणि २०२२ मध्ये सारा पास्को सूत्रसंचालनाला आले, आणि २०२० मध्ये कार्यक्रम बीबीसी वनवर गेला. प्रत्येक बदलानंतर प्रेक्षकांचे मत एकच : पूर्वीचे बरे होते. कपड्याच्या बाबतीत माणूस नव्याचा भोक्ता असतो. कपड्याच्या कार्यक्रमाच्या बाबतीत मात्र त्याला जुनेच हवे असते.

पण मी सांगतोय तो पहिला मंगळवार. आमच्या दिवाणखान्यात पाच प्रेक्षक होते. जावई संगणकातले. त्यांचे मत पडले की या लोकांना कामाचे नियोजन येत नाही. मुलीचे सगळे मत ग्रँटसाहेबांच्या सुटावर खर्च झाले. शेजारच्या ऐंशी ओलांडलेल्या इंग्रज आजीबाई चहाला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, चांगला कपडा घड्याळ लावून होत नाही. मी मागे रेलून प्रत्येक कपड्याला 'छान', 'बरा' आणि 'अगदीच हे' अशा तीन श्रेणी देत होतो.

"तुम्हांला काय कळतं हो त्यातलं?" मुलीने विचारले.

"न कळायला काय झालं? ही पँट बघ. १९८५ सालची, टेरीवूलची. अठ्ठावीस वर्षं झाली, आजही कमरेला तश्शी बसते. कपडा म्हणजे काय ते आम्हांला विचारा." एवढे बोलून मी जावयांच्या सुटत चाललेल्या पोटाकडे सूचक नजर टाकली. माझे वजन लग्नानंतर वाढलेले नाही, ही गोष्ट मी चार माणसांत सांगत असे.

आमची ही मात्र काही बोलली नाही. फक्त एकदा मार्टिनबाईंनी एका झग्याचा घेर उचलून आतली बाजू पाहिली, तेव्हा ती पुटपुटली, "ही बाई खरी. उलटं करून बघते."

मतप्रदर्शनात मागे पडलो हे मला लागले. ज्याला टीप मारता येत नाही त्याने निदान टिप्पणी तरी भारदस्त करावी, या विचाराने मी मुलीचे कार्ड घेऊन तिथल्या वाचनालयात गेलो आणि शिवणयंत्राचा इतिहास वाचू लागलो.

दुसऱ्या मंगळवारी मी सज्ज होतो. एका स्पर्धकाच्या मशीनमध्ये दोरा अडकला, तशी मी सुरुवात केली. "बार्थेलमी तिमोनिए नावाचा फ्रेंच शिंपी होता. त्याने १८३० मध्ये शिवणयंत्राचं पेटंट घेतलं आणि पॅरिसमध्ये ऐंशी यंत्रं लावून लष्करासाठी गणवेश शिवायला सुरुवात केली. त्यावर तिथल्या शिंप्यांचं मत काय पडलं असेल?"

"काय?"

"१८३१ मध्ये जमाव करून आले आणि सगळी यंत्रं फोडून टाकली."

"याला म्हणतात प्रेक्षकांचा स्पष्ट अभिप्राय," जावई म्हणाले.

मी पुढे गेलो. न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटने १८३४ च्या सुमारास दुहेरी दोऱ्याची टीप घालणारे यंत्र केले. मुलीला म्हणाला, तू यावर कपडे शिवायचा धंदा काढ. अशी हकीकत सांगतात की मुलगी नको म्हणाली. हाताने शिवून पोट भरणाऱ्या बायकांनी मग खायचे काय? हंटने यंत्राचे पेटंटच घेतले नाही. पुढे १८४९ मध्ये त्याने सेफ्टी पिन काढली आणि तिचे हक्क ४०० डॉलरला विकून टाकले.

"पोरगी शहाणी होती," ही म्हणाली. "आणि पिन काढली ते फार बरं केलं. तुमचं निम्मं आयुष्य पिनेवर चाललंय."

तिसऱ्या मंगळवारी मी हुकमाचे पान टाकले. टीव्हीवरची स्पर्धा २०१३ ची असेल, पण शिवणाची जाहीर स्पर्धा १८४५ मध्येच होऊन गेली आहे. बॉस्टनमध्ये क्विन्सी हॉल नावाचा कपड्यांचा कारखाना होता. तिथे एलायस हाऊने आपले यंत्र मांडले आणि कारखान्यातल्या सर्वांत चपळ अशा पाच शिवणारणी समोर बसवल्या. प्रत्येकीला एक शिवण, हाऊला एकट्याला पाच. यंत्र मिनिटाला २५० टाके घालत होते. हाऊची पाचवी शिवण संपली तेव्हा बायकांची एकेक अजून चालूच होती. लोक थक्क झाले, शिवण नीटस असल्याचा निर्वाळाही मिळाला. आणि यंत्र किती खपली? एकही नाही. एक तर किंमत ३०० डॉलर, आणि शिवाय शिंप्यांना आपला धंदा बुडायची भीती. वाहवा सगळ्यांनी केली, खिशात हात कोणी घातला नाही. प्रेक्षक हा प्राणी तेव्हापासून फारसा बदललेला नाही.

मी टाळ्यांची वाट पाहिली. ही मात्र टीव्हीवरची नजर काढून माझ्याकडे बघत होती.

"त्या पाच जणींचं पुढे काय झालं?"

"कोणत्या पाच जणी?"

"हरल्या त्या."

मी टिपणवही चाळली. हाऊला १८४६ मध्ये पेटंट मिळाले, आयझॅक सिंगरशी त्याचा खटला झाला, सिंगरला १८५४ मध्ये त्याचे पैसे चुकते करावे लागले, हे सगळे होते. त्या पाच जणींची नावेसुद्धा माझ्या वाचनात कुठे आली नव्हती. विषय बदलावा म्हणून मी आकडा फेकला : पुढे एका यंत्रकंपनीने हिशेब मांडला, त्यात पुरुषाचा एक सदरा हाताने शिवायला १४ तासांहून अधिक लागत आणि यंत्रावर सव्वा तास.

"मग वरचे तेरा तास कोणी खाल्ले?" हिने विचारले. "आपण १९७९ मध्ये हप्त्यांनी मशीन घेतलं. मला वाटलं, चला, आता दुपारची जरा पडेन. तर शेजारच्या चौघींचे ब्लाउज आले, तुमच्या बहिणीचे परकर आले, मुलीच्या शाळेच्या गॅदरिंगचे बारा फ्रॉक आले. मशीन आल्यावर काम संपत नाही हो, मशीन आहे म्हणून येतं."

यावर इतिहासकारांचे मतही साधारण हिच्यासारखेच आहे. यंत्र घरात आले तसे कपडे वाढले, झालरी वाढल्या, आणि शिवणारीचा वेळ काही फारसा वाचला नाही. हे वाचायला मला एक जाडजूड पुस्तक लागले होते. हिला तेही लागले नव्हते.

शेजारच्या आजीबाईंना मुलीने हे सगळे इंग्रजीत सांगितले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, आमच्याकडे १ जून १९४१ ला कपड्यांचे रेशन लागले. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपने. कोटाला इतकी, बुटाला इतकी. १९४३ मध्ये सरकारनेच पुस्तिका काढली : आहे तेच दुरुस्त करून वापरा. १९४९ पर्यंत हेच चालले. त्यांच्या आईने वडिलांच्या कोटातून त्यांच्यासाठी झगा बेतला होता. ही लगेच म्हणाली, आमच्याकडेही तेव्हा कंट्रोलचं कापड होतं, माझी आई सांगायची. मग आजीबाईंनी अंगातल्या जुन्या जाकिटाची बाही उलटी करून दाखवली, हिने आपल्या ब्लाउजच्या बाहीची कड उलटून दाखवली आणि दोघी एकमेकींच्या शिवणीवर बोट फिरवत बसल्या. हिचे इंग्रजी आणि आजीबाईंचे मराठी यांची बेरीज पंधरा शब्दांची होती. अर्धा तास त्यांना ती पुरली.

चौथा मंगळवार अंतिम फेरीचा. मी गांधीजींना घेऊन बसलो होतो. यंत्रांबद्दल इतकी कडक मते असलेल्या गांधीजींनी १९२४ मध्ये एका संवादात सिंगरच्या शिवणयंत्राला मात्र सूट दिली. बायकोला हाताने टाके घालत कष्टताना पाहून सिंगरने प्रेमापोटी हे यंत्र शोधले, असे त्यांनी सांगितले. गोष्ट सुंदर आहे. पण पुस्तके चाळल्यावर ती सिंगरपेक्षा हाऊला जास्त शोभते. हाऊ आजारी असताना त्याची बायको लोकांचे शिवून घर चालवत असे, आणि तिच्या हाताकडे बघत त्याला यंत्र सुचले, असे सांगतात. सिंगरसाहेबांचे संसार एकाहून अधिक होते आणि मुले वीसाहून अधिक. इतक्यांचे कपडे शिवायचे म्हटल्यावर यंत्र लागणारच.

"ते यंत्र शोधायला निघाले," ही म्हणाली, "पण बटण लावायला शिकले का?"

तेवढ्यात निकाल लागला. जिंकल्या त्या ८१ वर्षांच्या आजी. शेजारच्या आजीबाईंनी अशा टाळ्या वाजवल्या की जणू बक्षीस त्यांच्याच घरी आले. मला राहवेना. शेवटची टिप्पणी आपली असावी म्हणून मी म्हणालो, "सगळं ठीक आहे, पण मघाशी एकाने शिवणीच्या आत बोटबोट कापड जादा सोडलं होतं. केवढी ती नासाडी!"

ही माझ्याकडे वळली. चार मंगळवारांत पहिल्यांदाच ती पुरते हसली.

"त्याला माया म्हणतात."

"काय?"

"शिवणीच्या आत कापड राखतात ना, त्याला माया ठेवणं म्हणतात. पोराच्या अंगावरचा कपडा पोराबरोबर वाढावा म्हणून. नासाडी कसली?" आणि मग माझ्या कमरेकडे बघत म्हणाली, "तुमच्या त्या पँटीला मागे दोन इंच माया ठेव, असं शिंप्याला मीच सांगितलं होतं."

पुढे ती काही बोलली नाही. जावई मात्र बराच वेळ छताकडे पाहत होते.

रात्री सगळे झोपल्यावर मी ती पँट दिव्याखाली घेतली आणि अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा उलटी केली. मागच्या शिवणीशेजारी उसवलेल्या जुन्या टिपांच्या बारीक भोकांच्या रेघा होत्या. एक, दोन, तीन... मी पाच मोजल्या. झाडाच्या बुंध्यात वर्षांची वलये असतात तशा एकापलीकडे एक. प्रत्येक खेपेला कोणी तरी जुनी टीप उसवली होती, थोडी पुढे सरकून नवी घातली होती, इस्त्री फिरवली होती आणि पँट मुकाट्याने कपाटात ठेवली होती. आणि मी ती घालून चार माणसांत सांगत आलो होतो की माझे वजन वाढत नाही. तीन आठवडे मी परक्यांच्या वाचनालयात शिवणाचा इतिहास शोधत होतो. तो अंगात घालूनच मी तिथे जात होतो.

"काय बघताय एवढं?" दारातून आवाज आला.

मला काही तरी चांगले बोलायचे होते. चार मंगळवार मते देऊन नेमके आता शब्द सापडेनात. मी नुसती पँट पुढे केली.

हिने ती हातात घेतली, शिवण चिमटीत धरून पाहिली आणि उलटी पँट सुलटी करत म्हणाली,

"आता आत अर्धं बोट माया उरलीय. यापुढे जरा बेताने जेवा."