राखण : नीतिकथेतील आणि शिवारातील

इसापाच्या नावावर रूढ असलेल्या कथांमध्ये कुत्रा, कोंबडा आणि कोल्हा यांची एक कथा आहे. प्रवासात रात्र होते. कोंबडा झाडावर बसतो, कुत्रा बुंध्याच्या ढोलीत झोपतो. पहाटेची बांग ऐकून आलेला कोल्हा कोंबड्याच्या गळ्याची स्तुती करीत त्याला खाली बोलावतो. कोंबडा त्याला आधी द्वारपालास उठवावयास सांगतो आणि जागा झालेला कुत्रा कोल्ह्याचा फडशा पाडतो. कथेच्या तात्पर्यात श्रेय चातुर्याला मिळते. कुत्रा केवळ साधन ठरतो. कुक्कुटपालनाच्या इतिहासात मात्र हे महत्त्व उलटे होते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक कोलुमेला याने आपल्या १२ भागांच्या कृषिग्रंथातील आठवा भाग प्रामुख्याने कोंबड्यांसारख्या पाळीव पक्ष्यांना दिला आहे. कुत्र्यांचा विचार सातव्या भागात येतो. घराच्या राखणीस काळा कुत्रा असावा, कारण चोरास तो अधिक भयंकर वाटतो. कळपाच्या राखणीस पांढरा असावा, म्हणजे अंधुक उजेडात त्यास लांडगा समजून धन्याचाच घाव त्यावर पडणार नाही, असे तो सांगतो. मध्य इटलीतील मारेम्मा जातीचे राखणदार कुत्रे आजही पांढरेच असतात. त्यांचे पिल्लू लहानपणापासून ज्या प्राण्यांत वाढते, त्यांना ते आपलेच मानते. शिकार हे त्याचे मुख्य काम नसते; गंधाने हद्द आखणे, भुंकणे आणि अखंड वावर यांमुळे भक्षक त्या जागेपासून दूर राहतो.

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात, वॉर्नाम्बूल येथे, ॲलन मार्श या शेतकऱ्याने मोकळ्यावर चरणाऱ्या कोंबड्यांच्या रक्षणासाठी हेच कुत्रे ठेवले होते. जवळच्या मिडल आयलंड बेटावर ओहोटीच्या वेळी पोहोचणाऱ्या खोकडांमुळे तेथील छोट्या पेंग्विनांची वसाहत संपत आली होती. २००५ मध्ये १० पेंग्विनही दिसेनासे झाले. मार्शच्या सूचनेवरून २००६ मध्ये मारेम्मा कुत्रे बेटावर नेण्यात आले आणि वसाहत सावरली. खुराड्याचा अनुभव वन्यजीवसंरक्षणास उपयोगी पडला. २०१७ मध्ये मात्र खराब हवामानामुळे कुत्रे बेटावर नसताना खोकडांनी सुमारे १४० पेंग्विन मारले.

या घटनेतील 'निसर्ग' हाही इतिहासानेच घडविलेला आहे, हे लक्षात घेणे अगत्याचे आहे. लाल खोकड ऑस्ट्रेलियाचा मूळ रहिवासी नव्हे. १९व्या शतकात युरोपीय वसाहतकारांनी शिकारीच्या हौसेपायी तो तेथे आणून सोडला. याच शतकाच्या आरंभी तंजावरला सरफोजीराजांच्या मुद्रणालयात इसाप मराठीत छापला जात होता. पुढे मराठी इसापनीतीत युरोपीय खोकडाच्या जागी येथील कोल्हाच स्थिरावला. भाषांतराने परक्या प्राण्याच्या जागी परिसरातला प्राणी आणला. वसाहतवादाने प्रत्यक्ष प्राणीच परक्या परिसरात नेला. पहिल्या स्थलांतराने कथा रुजली, दुसऱ्याने पक्ष्यांचे जीवन धोक्यात आले.

नीतिकथेत कोल्हा एकदा मेला की कथा संपते. शिवारात कोल्हा दुसऱ्या रात्रीही येतो. तेथे एका क्षणाच्या चातुर्यापेक्षा रोजचा सहवास मोलाचा ठरतो. २०१७ ने दाखविले ते हेच, की राखण हा एकदा मिळवावयाचा विजय नसून न खंडता पाळावयाचा शेजारधर्म आहे.