कोरोना आपल्या जिल्ह्यात नेमका कधी आला? 15 मार्चच्या नोंदीमागची गोष्ट

छत्रपती संभाजीनगर : क्रांती चौकात चहाच्या टपरीवर कोरोनाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "अहो, आमच्याकडं तर तो जानेवारीतच येऊन गेला. घरात सगळेच खोकत होते." कुणी त्याच्याही मागे जाऊन 2019 ची दिवाळी सांगतं. कुणाला 19 फेब्रुवारी 2020 ची, याच चौकातली शिवजयंतीची गर्दी आठवते. सरकारी नोंद मात्र 15 मार्च 2020 ची आहे. मग खरं काय धरायचं?

आधी ही नोंद कशाची आहे ते पाहू. परदेशातून परतलेल्या एका महिलेचा अहवाल त्या दिवशी पॉझिटिव्ह आल्याचं जाहीर झालं. तेव्हा इथले नमुने पुण्याला एनआयव्हीकडे जात होते. ती महिला उपचारानंतर बरी झाली. पुढचे रुग्ण एप्रिलच्या सुरुवातीला सापडले, 5 एप्रिलला शहरात पहिला मृत्यू नोंदला गेला आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आकडा शंभराच्या पुढे गेला. म्हणजे 15 मार्च ही पहिल्या अहवालाची तारीख आहे. विषाणू त्याच दिवशी जिल्ह्यात आला, असं ती सांगत नाही.

तपासणी कुणाची होत होती?

सगळा घोळ इथं आहे. मार्च 2020 च्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तपासणी मुख्यतः दोनच प्रकारच्या लोकांची व्हायची. एक, परदेशातून आलेले आणि दुसरे, बाधिताच्या संपर्कातले. सिल्लोड किंवा वैजापूरच्या एखाद्या शेतकऱ्याला न्यूमोनिया झाला आणि त्यानं आयुष्यात विमानतळ पाहिलेला नसेल, तर त्याचा स्वॅब घ्यायचं कारणच नियमात नव्हतं. दाखल झालेल्या प्रत्येक गंभीर श्वसनविकाराच्या रुग्णाची तपासणी करा, हा नियम 20 मार्चला आला. त्यामुळे पहिले रुग्ण सगळीकडे परदेशवारी केलेलेच सापडले, याचं नवल नाही. आपण शोधतच तेवढ्यांना होतो.

एप्रिलमध्ये 'सारी' हा शब्द शहरात घरोघरी पोचला तो यामुळेच. अनेकांना तो कोरोनापेक्षा वेगळा, नवाच रोग वाटला. खरं तर सारी म्हणजे ताप, खोकला आणि दम लागून रुग्णालयात दाखल व्हावं लागणं. कारण फ्लू असेल, कोरोना असेल किंवा आणखी काही.

या सारीच्या रुग्णांवरच आयसीएमआरनं केलेला एक अभ्यास आपल्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ जातो. 15 फेब्रुवारी ते 2 एप्रिल 2020 या काळात देशभरातल्या 5,911 रुग्णांची तपासणी झाली आणि 104 बाधित निघाले. त्यातल्या सुरुवातीच्या 965 रुग्णांचे नमुने मागाहून तपासले होते, त्यात फक्त 2 पॉझिटिव्ह होते. नंतरच्या 4,946 मध्ये मात्र 102. महाराष्ट्रात 553 पैकी 21 बाधित होते. बाधितांपैकी 40 जण ना परदेशात गेले होते, ना कुठल्या बाधिताला भेटले होते. म्हणजे मार्चअखेर विषाणू ओळख न देता फिरत होता, हे नक्की. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात मात्र तो असला तरी फार विरळ होता.

जानेवारीच्या खोकल्याचं काय?

साधा हिशेब करू. बंधनं नसताना बाधितांची संख्या साधारण पाच दिवसांत दुप्पट होते असं धरा. 1 जानेवारीला शहरात एक बाधित असता, तर 15 मार्चपर्यंत सुमारे पंधरा वेळा दुप्पट होऊन आकडा 32 हजारांवर गेला असता. एवढे बाधित असते तर घाटीतले वॉर्ड फेब्रुवारीतच भरले असते, ते लपून राहिलं नसतं. आपल्याकडे हिवाळ्यात फ्लू असतोच, आणि जानेवारीतला घराघरातला खोकला बहुतेक त्याचाच होता.

आता शिवजयंतीची गर्दी. 19 फेब्रुवारीला क्रांती चौकात एक बाधित होता असं समजा. 15 मार्चपर्यंत पंचवीस दिवस, म्हणजे पाच वेळा दुप्पट. आकडा येतो 32. बारा लाखांच्या पुढच्या शहरात 32 जण, त्यातले बरेच साधी सर्दी म्हणून घरीच. कुणाच्या लक्षात आलं असतं? त्यामुळे 'शिवजयंतीला तो होता' हे सिद्ध करता येत नाही आणि ठामपणे नाकारताही येत नाही. तेव्हा देशात नोंदलेले रुग्ण तीनच होते, तेही केरळात, आणि राज्यातली पहिली नोंद पुण्यात 9 मार्चची. माझ्या मते शक्यता कमीच.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी ध्यानात घेत नाही. विषाणू आला म्हणजे पसरलाच असं नसतं. बरेच बाधित पुढे कुणालाच लागण देत नाहीत, तर एखादाच दहा-पंधरा जणांना देतो. चीनमधल्या साथीचा संगणकावर अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांना दिसलं की असा विषाणू माणसात शिरला तरी दोन तृतीयांशाहून जास्त वेळा साखळी आपोआप तुटते. त्यांनी वुहानच्या परिसरातला पहिला रुग्ण ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबर 2019 च्या मध्यापर्यंत कधीतरी असावा असा अंदाज काढला. महिनाभराचा पट्टा. जिथं जगभरातले शास्त्रज्ञ कामाला लागले होते, तिथं ही गत.

बाहेरच्या देशांत जुन्या तारखा हाती लागल्या, त्या साठवलेल्या नमुन्यांमुळे. पॅरिसजवळच्या रुग्णालयात 27 डिसेंबर 2019 चा एका रुग्णाचा नमुना मागाहून तपासला, तो पॉझिटिव्ह निघाला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीत 6 फेब्रुवारी 2020 ला झालेला मृत्यू कोरोनाचा होता हे एप्रिलमध्ये शवविच्छेदनाच्या नमुन्यांवरून कळलं. इटलीत तर मिलान आणि तुरीनच्या डिसेंबरमधल्या सांडपाण्यातच विषाणूचे अंश सापडले. आपल्याकडे आजारपणानं गेलेल्या माणसाचं शवविच्छेदन सहसा होत नाही. आणि ज्या गावात भूमिगत गटारच नाही, तिथं सांडपाणी तपासणार कुठलं?

रक्त तपासून कळलं नसतं का?

अँटिबॉडी सांगतात की लागण होऊन गेली. कधी, ते सांगत नाहीत. मे 2020 च्या पहिल्या देशव्यापी सर्वेक्षणात राज्यातले सहा जिल्हे होते. बीडमध्ये 396 पैकी 4, परभणीत 396 पैकी 6, नांदेडमध्ये 393 पैकी 5 जणांत अँटिबॉडी आढळल्या. बीडमध्ये तेव्हा नोंदलेले रुग्ण बोटावर मोजण्याइतके. त्यामुळे 'गावोगाव आधीच पसरला होता' अशी चर्चा रंगली. पण त्या किटची अचूकता अशी, की लागण न झालेल्या शंभरातल्या दोघांनाही ते पॉझिटिव्ह दाखवू शकत होतं. मग शंभरात एक सापडला, तर त्यातले खरे किती? म्हणूनच देशाचा आकडा काढताना पॉझिटिव्ह नमुने दुसऱ्या किटनं पुन्हा तपासले, आणि तो 0.73 टक्के आला.

अमरावतीत पुन्हा तेच घडलं, तेही प्रयोगशाळा हाताशी असताना. डेल्टाच्या कुळातले सगळ्यात जुने नमुने देशात ऑक्टोबर 2020 चे. अमरावती-यवतमाळमध्ये रुग्ण वाढले फेब्रुवारी 2021 मध्ये, आणि महाराष्ट्रातल्या नमुन्यांत दुहेरी बदल दिसल्याचं केंद्रानं जाहीर केलं 24 मार्चला. 'डेल्टा' हे नाव मिळायला 31 मे उजाडला.

हा नुसता टपरीवरच्या गप्पांचा विषय नाही. कोरोनानं मृत्यू झाल्यास वारसांना 50 हजार रुपयांचं सानुग्रह अनुदान मिळत होतं, आणि ते देशातल्या पहिल्या रुग्णाच्या तारखेपासून, म्हणजे 30 जानेवारी 2020 पासून लागू होतं. मुख्य अट होती, पॉझिटिव्ह अहवाल किंवा डॉक्टरांनी केलेलं कोरोनाचं निदान. फेब्रुवारी-मार्चमध्ये दम लागून तालुक्याच्या गावी कुणी गेलं असेल, तर त्याच्या घरच्यांकडे यातलं काही असण्याचा प्रश्नच येत नाही, कारण तेव्हा तपासणीच होत नव्हती. 2019 मध्ये देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम 20.7 टक्क्यांचं कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेलं होतं. बाकीच्यांच्या मृत्यूमागे नेमकं काय होतं, याचा डॉक्टरी कागदच नाही.