खुंटी मारण्याआधी

गेल्या वैशाखात मालवणजवळच्या एका जुन्या घराची पडवी उतरवायला घेतली. कौलं काढून झाली, आणि फणसाच्या एका वाशात सात खुंट्या दिसल्या. करंगळी शिरेल एवढ्या भोकांत त्या ठोकलेल्या, वरून पटाशीने तासून वाशाशी सपाट केलेल्या. खुंटीची रेष वाशाच्या रेषेला जुळवलेली. हे आजोबांचं काम, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्या घराचं वर्षाचं भात आमच्याकडे यायचं, त्या बदल्यात नांगरापासून पाळण्यापर्यंत सगळं ते बघायचे. वाशाला अशी भोकं पाडणारा भुंगासुद्धा त्यातच आला.

आमच्या धंद्यात वाळवीचं नाव निघालं की घरमालक घाबरतो आणि भुंग्याचं निघालं की हसतो. फरक खराच आहे. वाळवी लाकूड खाते. भुंगा लाकूड खात नाही, तो त्यात बिऱ्हाड करतो. मादी दातांनी गोल भोक पाडते, थोडं आत गेली की काटकोनात वळते आणि रेषेरेषेने बोगदा काढते. खाली ओटीवर पिवळसर भुशाची रांगोळी पडते, घरातल्या बाईला पहिली वर्दी तीच देते. बोगद्यात पराग-मधाचा गोळा, त्यावर एक अंडं, मग भुशाचाच पडदा. पुन्हा गोळा, पुन्हा अंडं. असा चिरलेला वासा मी कामाच्या जागी ठेवलाय. मापाची इतकी एकसारखी घरं मला गिरमिटाने पाडता येत नाहीत. एका वर्षाचा बोगदा निभावतो. पण पुढची पिढी तोच वापरते, वाढवते, आणि मग सुतारपक्षी अळ्या शोधत येतो तो वाशाची साफ चाळण करून जातो.

गिरमिट हा शब्दही साहेबाकडून आला, त्याआधी आमच्याकडे दोरीने फिरवायचा सामता होता. भुंगा या दोघांच्याही आधीचा. लात्रेय नावाच्या फ्रेंच कीटकतज्ज्ञाने १८०२ साली या भुंग्यांच्या कुळाला झायलोकोपा म्हणजे लाकूड कापणारा असं नाव दिलं. आपल्याकडे ही ओळख त्याच्या पाचशे वर्षं आधी लिहून ठेवलेली आहे. १२९० च्या ज्ञानेश्वरीत, पहिल्याच अध्यायात, मोहात पडलेल्या अर्जुनाला भ्रमराची उपमा येते: सुकं लाकूड सहज पोखरणारा, पण कोवळ्या कळीत अडकून पडणारा. कळीचं कीर्तनकार सांगतात. मला सुकं लाकूड महत्त्वाचं वाटतं. ओलं नव्हे, सुकं. माउलींनी पडवीचा वासा नीट पाहिलेला असणार.

कारण भुंगा पडवीतच येतो. त्या घराच्या माजघरात आणि चुलीवरच्या माळ्याला एकही भोक नव्हतं. तिथल्या तुळया धुराने काळ्या कुळकुळीत झालेल्या. पडवीचं लाकूड मात्र उन्हाने वाळलेलं, उघडं, रंग न लावलेलं. तेच त्याला आवडतं. कौलांआधी गवताच्या छपराखाली गोल बांबू असायचे, त्यांच्या कापलेल्या तोंडातून तो आयताच आत शिरायचा. मंगळुरात बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती कौलं किनाऱ्याने आमच्यापर्यंत आली. त्यांच्यासाठी कापीव वासे आणि सरळ रिपा आल्या, पागोळीशी त्यांची तोंडं उघडी राहिली. भुंग्याने तेही मानून घेतलं.

आजोबांचा उपाय डिंबेल, काजूच्या टरफलांचं तेल. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, म्हणजे सोळाव्या शतकाआधी हे तेल इथे नव्हतंच. कोळ्यांच्या होड्यांवरून ते घरांवर आलं असं आजोबा म्हणायचे. शाकारणीच्या दिवसांत, कौलं उतरलेली असताना, ते वाशांना फासायचे. आधी हातांना खोबरेल चोळून घ्यायचे, कारण डिंबेल अंगावर उडालं की फोड येतात. त्यांच्या मनगटांवर ते डाग शेवटपर्यंत होते. आज तेलरंगाचे दोन हात तेच काम करतात, पण लाकडाची कापलेली तोंडं रंगवायला माणसं हमखास विसरतात.

खुंटीचा मात्र नियम होता. आजोबा वाशाला कान लावून अंगठ्याने टकटक करायचे. आतून गुणगुण आली की, ‘खुंटी मारूच्या आदी आत कोण आसा ता बघ,’ म्हणत पुढच्या वाशाकडे जायचे. पिल्लं उडून गेली की महिन्या-दोन महिन्यांनी परत यायचे. भातावर काम करणाऱ्याला पुन्हा येणं परवडायचं, गावातच तर राहायचा. मी रोजावर काम करतो. दुसरी खेप म्हटली की मालक हिशेब विचारतो. तरुणपणी एकदा घाईने मी जिवंत भोकात खुंटी ठोकली. आठवड्याने शेजारीच नवं भोक, आतून बाहेर पाडलेलं. ती खेप फुकट करावी लागली. दुसऱ्या एका घरात मालकाने माझ्याआधीच रॉकेलचा पेटता बोळा भोकाशी धरला होता. भुंगा गेला, रीप धुमसत राहिली.

फवारे मारणाऱ्यांना मी अडवत नाही, फक्त शिडीवर उभं राहून तोंडावर विष घेऊ नका म्हणतो. जो भुंगा डोळ्यांसमोर घिरट्या घालून घाबरवतो तो नर, त्याला नांगीच नसते. मादीला असते, पण हातात धरल्याशिवाय ती सहसा वापरत नाही. तुरीच्या फुलांवर, कुंपणाच्या रुईवर राबतात ते हेच. त्यांतली एक जात तर रात्री कामाला निघते: भीमाशंकरच्या अभयारण्यात हेमा सोमनाथन आणि रेनी बोर्जेस यांना ती चंद्र नसलेल्या रात्रीही उडताना आढळली.

त्या घराला मी नवे वासे घातले, तोंडांसकट रंगवले. आजोबांचा वासा जळणात जाणार होता, तो मागून घेतला आणि आमच्या कुंपणाला, रुईच्या बाजूला टांगला. खुंट्या तशाच आहेत. परवा सकाळी त्यांच्या शेजारी आठवं भोक दिसलं, खाली ताजा भुसा.