बाक, दिवा आणि धानाचं तूस

परवा गोंदियाहून आईचा फोन आला. "बागेत बाबांच्या नावानं एक बेंच द्यायचा का रे?" सिमेंटचा तो बाक तुम्हीही पाहिला असेलच. पाठीवर ऑइलपेंटनं 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' लिहिलेला. मी लगेच म्हटलं, "देऊ या, पण त्यातच दिवा असलेला देऊ." कारण अंधार पडला की आई आणि तिच्या मैत्रिणी बागेतून उठतात. बाक असतो, पण बसता येत नाही.

आई म्हणाली, "आणि दिवा बिघडला म्हणजे? बाबांच्या नावावर अंधार!"

झालं. शनिवार-रविवार त्यातच गेला.

तर मंडळी, पहिली गंमत अशी, की सळई घातलेल्या सिमेंटचा इतिहास पूल आणि धरणांपासून सुरू होत नाही, तो बागेपासून होतो. दक्षिण फ्रान्समधल्या जोसेफ-लुई लांबो यानं 1848 च्या सुमारास तारेच्या जाळीवर सिमेंट लिंपून होडी बनवली, आणि त्याच पद्धतीनं कुंड्या आणि बसायची आसनंही. 1855 च्या पॅरिस प्रदर्शनात ती होडी लोकांनी पाहिली. पुढे जोसेफ मोनिये या माळ्यानं 1867 मध्ये पेटंट घेतलं, तेही कुंड्यांचं! लाकडी कुंड्या कुजतात म्हणून. म्हणजे आपला बाक हा काँक्रीटचा गरीब नातेवाईक नाही, घरातला थोरला आहे.

मग हे थोरले दहा-पंधरा वर्षांत उकलतात का? बाक हलका आणि स्वस्त व्हावा म्हणून सळई अगदी पृष्ठभागाजवळ येते. पावसाचं पाणी आणि हवा आत झिरपते, सळई गंजते. गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहापट जागा घेतो आणि आतूनच सिमेंट फोडतो. आता त्याच बाकात वायर आणि दिवा घाला. पाण्याला आणखी एक वाट!

यावर 1990 च्या दशकात उत्तर निघालं. फ्रान्समधल्या बांधकाम कंपन्यांनी गिट्टी काढूनच टाकली. बारीक रेती, सिमेंट, सिलिकाची अतिसूक्ष्म भुकटी, पोलादाचे बारीक तंतू आणि अगदी थोडं पाणी. आपल्याकडचं एम-25 काँक्रीट 25 मेगापास्कल दाब सोसतं, हे दीडशेच्या पुढे. 1997 मध्ये कॅनडातल्या शेरब्रुक इथे या काँक्रीटचा 60 मीटरचा पादचारी पूल झाला. त्याच्या वरच्या फरशीची जाडी फक्त 3 सेंटिमीटर. छिद्रं जवळजवळ नाहीत, त्यामुळे पाणी शिरत नाही. 2001 मध्ये हंगेरीच्या आरोन लोशोन्झी यानं काँक्रीटमध्ये ऑप्टिकल फायबर ओतून त्यातून उजेड आरपार नेला. बाक स्वतःच उजळेल, ही कल्पना तेव्हापासून स्वप्न राहिली नाही.

आता गोंदिया. या काँक्रीटचा जीव सिलिकाच्या भुकटीत असतो, आणि आमचा जिल्हा धानाचा. एक टन धान भरडलं की साधारण 200 किलो तूस निघतं, ते जाळलं की 40 किलोच्या आसपास राख. त्या राखेत 85 ते 95 टक्के सिलिका. मात्र जाळताना तापमान साधारण 700 अंशांच्या आत ठेवावं लागतं, नाहीतर सिलिकाचे स्फटिक होतात आणि ती सिमेंटशी नीट जुळत नाही. हे तंत्र 1970 च्या दशकात बर्कलीच्या पी. कुमार मेहता यांनी पुढे आणलं. शिवाय तिरोड्याला 3300 मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे, म्हणजे फ्लाय ॲशही घरचीच. राइस मिलमागे पडलेला काळा ढीग आणि पॅरिसचं काँक्रीट यांच्यात अंतर आहे ते फक्त नीट जाळण्याचं.

पण आईचा प्रश्न यानं सुटत नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना तो चांगलाच ओळखीचा आहे. वेगवेगळ्या आयुष्याच्या दोन गोष्टी एकमेकींत ओतायच्या नसतात. एलईडीवर 50,000 तास लिहिलेलं असतं. रोज पाच तास धरले तर 27 वर्षं! प्रत्यक्षात त्याचा ड्रायव्हर खूप आधी जातो. चांगला बाक मात्र 50 वर्षं टिकायला हवा. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर 2015 मध्ये पिवळे सोडियम दिवे काढून पांढरे एलईडी लावले, 'राणीचा हार' फिका पडला म्हणून ओरड झाली, मग पिवळसर एलईडी आले. समुद्राकाठचा कठडा तसाच राहिला आणि लोक त्यावर बसतच राहिले. दिवे खांबांवर होते म्हणून हे जमलं. कठड्यात ओतलेले असते तर?

म्हणून माझं डिझाइन असं: दिवा बैठकीच्या खाली, उजेड जमिनीवर, म्हणजे डोळ्यांवर येणार नाही आणि पायाखालचं दिसेल. वायरसाठी ओततानाच आत पाइप, आणि खालून पाणी निथळायला भोक. विजेचा दाब 24 व्होल्ट, म्हणजे पावसात भीती नको. आणि दिव्याच्या खोबणीला चार स्क्रूंचं झाकण, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतील असेच स्क्रू.

आईला फोनवर सगळं सांगितलं. फ्रान्स, हंगेरी, तूस, सगळं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "झाकण उघडायला कोण येईल?"

असो. पुढच्या महिन्यात गोंदियाला जातोय. बाकाच्या आधी एक इलेक्ट्रिशियन शोधायचा आहे.